सामना एक, घड्याळे अनेक

१९८६ च्या जून महिन्यातील २२ तारखेला मेक्सिको सिटीच्या अझ्टेका मैदानावर दुपारी बारा वाजता अर्जेंटिना आणि इंग्लंड यांच्यातील सामना सुरू झाला, तेव्हा भारतात रात्रीचे साडेअकरा वाजले होते. त्या काळी दूरदर्शन संच हा घरोघरी आढळणारा पदार्थ नव्हता. ज्याच्या घरी तो होता त्याच्याकडे शेजारपाजारची मंडळी जमत. जागा नसली तर खिडकीबाहेर उभी राहत. मॅराडोनाने प्रथम हाताने आणि नंतर, चारच मिनिटांनी, निम्मे मैदान पालथे घालून पायाने जे दोन गोल केले, ते या देशातील असंख्य लोकांनी अशाच दाटीवाटीत पाहिले. त्या अनुभवाचा एक विशेष तेव्हा कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते. जेथे जेथे प्रक्षेपण पोहोचत होते तेथे तेथे तो गोल एकाच क्षणी दिसला. एका चाळीतून उठलेला गलका दुसऱ्या चाळीतल्या गलक्यात मिसळून गेला, आणि आपण पाहिले ते सर्वांनीच पाहिले याविषयी कोणाच्या मनात संशय उरला नाही.

छत्तीस वर्षांनी, १८ डिसेंबर २०२२ रोजी, अर्जेंटिना पुन्हा विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात उतरली. कतारमधील लुसैल येथे फ्रान्सविरुद्ध झालेला तो सामना भारतात दूरचित्रवाणीवर दिसत होता, त्याचप्रमाणे भ्रमणध्वनीवरही विनामूल्य उपलब्ध होता. सामन्याची दहा मिनिटे उरली असताना फ्रान्सच्या एम्बापेने ९७ सेकंदांच्या अंतराने दोन गोल करून बरोबरी साधली. महाजालावरून येणारे चित्र दूरचित्रवाणीच्या मागे अर्धा मिनिट रेंगाळत असेल, तर अशा प्रसंगी काय होते याची कल्पना करणे कठीण नाही. ज्याच्या हाती भ्रमणध्वनी आहे तो पहिल्या गोलातून सावरत असतो, तोच शेजारच्या घरातून दुसऱ्या गोलाची आरोळी ऐकू येते. पडद्यावर चेंडू अद्याप मध्यरेषेवर असतो. परंतु त्याचे पुढे काय होणार हे भिंतीपलीकडून आधीच कळलेले असते.

ही गैरसोय वरवर पाहता किरकोळ वाटेल. अर्ध्या मिनिटाने जगाची उलथापालथ होत नाही, आणि तंत्रज्ञ मंडळी हे अंतर कमी करण्याच्या खटपटीत आहेत हेही खरे. परंतु या अर्ध्या मिनिटाच्या मुळाशी जो बदल आहे तो किरकोळ नाही. स्ट्रीमिंग या नावाने ओळखले जाणारे हे प्रसारण म्हणजे जुन्याच चित्राला मिळालेली नवी तार नव्हे. प्रेक्षक आणि सामना यांच्यातील नातेच त्याने बदलले आहे. प्रेक्षक पूर्वी एका समुदायाचा घटक होता. आता तो एक स्वतंत्र खातेदार झाला आहे. या बदलात त्याला पुष्कळ काही मिळाले. मात्र जे गमावले जात आहे त्याचा हिशेब मांडण्याची निकड अजून कोणाला फारशी भासलेली दिसत नाही.

पाऊस आणि नळ

जुने प्रक्षेपण पावसासारखे होते. मनोऱ्यावरून किंवा उपग्रहावरून एकच लहर निघे आणि ती झेलण्यास हजार संच उभे आहेत की एक कोटी, याने तिला काही फरक पडत नसे. नवे प्रसारण नळाच्या पाण्यासारखे आहे. येथे प्रत्येक प्रेक्षकाला त्याची स्वतंत्र प्रत पोहोचवावी लागते. मैदानावरील चित्र संगणकात आटोपशीर रूपात बांधले जाते, त्याचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात, ते ठिकठिकाणच्या साठवण-केंद्रांत धाडले जातात आणि तेथून ज्याच्या त्याच्या मागणीप्रमाणे पुरवले जातात. पाहणाऱ्याचे यंत्रही चित्र मध्येच तुटू नये म्हणून काही तुकडे आधीच गोळा करून ठेवते आणि मगच दाखवू लागते. विलंब होतो तो या साऱ्या खटाटोपामुळे. ज्याची जोडणी चांगली त्याला पाणी लवकर मिळते. ज्याची वाईट त्याला उशिरा, आणि मागणी एकदम वाढली तर कधी मिळतही नाही. २० नोव्हेंबर २०२२ रोजी, विश्वचषकाच्या पहिल्याच दिवशी, भारतातील प्रेक्षकांना हा अनुभव आला. चित्र वारंवार अडखळू लागले आणि जिओसिनेमाला प्रेक्षकांची जाहीर क्षमा मागावी लागली.

नळाला मीटर असतो, ही आणखी एक गोष्ट. पाऊस कोणाच्या अंगणात किती पडला हे ढगाला ठाऊक नसते. स्ट्रीमिंग करणाऱ्या कंपनीला मात्र कोणता प्रेक्षक कोणत्या मिनिटाला आला, कोणत्या मिनिटाला कंटाळून गेला आणि पुन्हा परतला की नाही, हे सारे तपशिलाने कळते. दूरचित्रवाणीच्या काळात प्रेक्षकसंख्या हा नमुना पाहणीवरून बांधलेला अंदाज असे. आता ती खतावणीतील नोंद झाली आहे. या नोंदीवरून सामन्याची वेळ, वर्गणीचा दर आणि जाहिरातीचा मजकूर ठरू शकतो. म्हणजे प्रेक्षक जसा सामना पाहतो, तसा प्रेक्षकही पाहिला जातो.

चित्रकथेची पूर्वपीठिका

फुटबॉल आणि पडदा यांचे नाते प्रथमपासूनच सरळ नव्हते, हे येथे नमूद केले पाहिजे. बीबीसीने १६ सप्टेंबर १९३७ रोजी आर्सेनलच्या दोन संघांतील सामना दाखवला, तो या खेळाचा पडद्यावरील पहिला प्रवेश. पुढे १९६४ च्या ऑगस्टमध्ये बीबीसीचा ‘मॅच ऑफ द डे’ हा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्याचा पहिला भाग पाहणाऱ्यांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. ज्या लिव्हरपूल-आर्सेनल सामन्याची ती क्षणचित्रे होती, त्या सामन्याला प्रत्यक्ष मैदानावर त्याच्या दुपटीहून अधिक लोक हजर होते. तरीही घरबसल्या सामना दिसू लागला तर मैदाने ओस पडतील, ही धास्ती क्लबांच्या चालकांना होती. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये फुटबॉलचे थेट प्रक्षेपण करू नये, हा दंडक त्याच धास्तीतून आला आणि तो अद्याप टिकून आहे. परदेशातील प्रेक्षक जो सामना थेट पाहतो, तोच सामना त्या क्लबच्या गावातील प्रेक्षकाला पडद्यावर दिसू नये, असा विचित्र प्रकार त्यातून निर्माण झाला.

१९९२ साली प्रीमियर लीगची स्थापना झाली आणि पाच वर्षांच्या प्रक्षेपणासाठी ३० कोटी ४० लाख पौंडांचा करार झाला. थेट सामने उपग्रहवाहिनीकडे, म्हणजे वर्गणी भरणाऱ्यांकडे गेले. सर्वांसाठी असलेला खेळ पैसे मोजणाऱ्यांपुरता झाला, ही तक्रार स्ट्रीमिंगच्या आधीची आहे, याचा विसर पडता कामा नये. तरीही त्या व्यवस्थेत एक सोय होती. ज्याला स्वतंत्र वर्गणी परवडत नसे तो गुत्त्यात जाऊन इतरांसमवेत सामना पाही. वर्गणी घराला किंवा दुकानाला होती, व्यक्तीला नव्हती.

डिसेंबर २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉनने प्रीमियर लीगच्या एका फेरीचे सर्व दहा सामने महाजालावरून दाखवले. ब्रिटनमध्ये एका फेरीचे सगळे सामने थेट दिसण्याची ती पहिलीच वेळ. प्रेक्षकाला हवा तो सामना निवडता येऊ लागला; आणि त्याच वेळी, आपल्याआधी इतरांना गोल कळतो, ही कुरकुरही सुरू झाली. अ‍ॅमेझॉनने ते हक्क पुढे चालवले नाहीत. २०२५ पासूनच्या चार हंगामांचा ६.७ अब्ज पौंडांचा करार स्काय आणि टीएनटी या वाहिन्यांकडे गेला. यावरून इंग्लंडमध्ये जुन्या व्यवस्थेची सरशी झाली असे मानणे चुकीचे ठरेल. या वाहिन्या स्वतःच आता उपग्रहाच्या जोडीने महाजालावरून घरोघरी पोहोचतात. मालक तेच राहिले असले तरी वाट बदलली आहे.

इटली आणि फ्रान्स

इटलीने या वाटेवर अधिक धाडसाने पाऊल टाकले. तेथे रविवार दुपार ही अनेक पिढ्या फुटबॉलसाठी राखलेली होती. सर्व सामने एकाच वेळी चालत आणि आकाशवाणीवरील निवेदक या मैदानावरून त्या मैदानावर उडी घेत साऱ्या देशाला एकाच वेळी धावते वर्णन ऐकवीत. त्या देशाने २०२१ साली आपल्या सर्वोच्च लीगचे सगळे सामने डॅझोन या स्ट्रीमिंग कंपनीच्या हाती दिले. आठवड्याला तीन सामने तेवढे स्कायसमवेत वाटून घ्यायचे होते. पहिल्या काही आठवड्यांतच चित्र गोठल्याच्या आणि यंत्रणा बंद पडल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की दळणवळण नियामकाला त्यात लक्ष घालावे लागले. पुढील वर्षीच्या हंगामाच्या आरंभीही तोच प्रकार घडला आणि प्रेक्षकांना भरपाई द्यावी लागली.

वर्गणी वाढली तशी चोरटी प्रसारणेही वाढली. २०२३ साली इटलीने त्यांविरुद्ध कठोर कायदा केला. बेकायदा प्रसारणाचा पत्ता कळल्यापासून तीस मिनिटांत तो बंद करण्याची सक्ती झाली आणि असे प्रसारण पाहणाऱ्याला पाच हजार युरोपर्यंत दंडाची तरतूद झाली. या घाईचा परिणाम असा, की ऑक्टोबर २०२४ मध्ये गूगलची कागदपत्रे साठवण्याची सेवाच काही तास इटलीत अनेकांसाठी बंद पडली. फुटबॉलच्या तिकिटाचे रक्षण करताना नागरिकांची दप्तरेच कुलूपबंद झाली. खेळाच्या प्रसारणाचा प्रश्न केवळ खेळाच्या पानापुरता उरलेला नाही, याचे हे बोलके उदाहरण आहे.

फ्रान्सची कथा अर्थकारणाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. मीडियाप्रो या कंपनीने वर्षाला ८० कोटी युरोंहून अधिक रक्कम देण्याचे मान्य करून हक्क घेतले आणि २०२० च्या शरद ऋतूत हप्ता थकवून हात वर केले. त्या आश्वासनाच्या भरवशावर क्लबांनी खर्च करून ठेवले होते. नंतर २५ कोटी युरोंत अ‍ॅमेझॉन आली. २०२४ साली डॅझोनने ४० कोटींची बोली लावली. परंतु मासिक वर्गणीचा दर प्रेक्षकांना जाचक वाटला, अपेक्षेइतके ग्राहक मिळाले नाहीत आणि एकाच हंगामानंतर तो करार मोडला. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये लीगने स्वतःचीच स्ट्रीमिंग सेवा सुरू केली आणि महिन्याची वर्गणी सुमारे पंधरा युरो ठेवली. दलालाला वगळून शेतकऱ्याने थेट गिऱ्हाइकाला माल विकावा, तसा हा प्रयोग आहे. तो यशस्वी होवो वा न होवो, त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. प्रेक्षक हा गृहीत धरण्याजोगा नाही. दर असह्य झाला की तो बंड करीत नाही. तो मुकाट्याने निघून जातो.

जमेची बाजू

याचा अर्थ नव्या प्रसारणाने केवळ हानीच केली, असा नाही. तसे म्हणणे हा कृतघ्नपणा होईल. स्त्रियांच्या फुटबॉलला जुन्या वाहिन्यांनी वर्षानुवर्षे दारात उभे केले नव्हते. २०२१ पासून दोन हंगाम महिलांच्या चॅम्पियन्स लीगचे सर्व सामने यूट्यूबवर जगभर विनामूल्य दिसले. त्यांपैकीच एक, बार्सिलोना आणि रेआल माद्रिद यांच्यातील सामना, ३० मार्च २०२२ रोजी कॅम्प नोऊ मैदानावर ९१,५५३ प्रेक्षकांनी पाहिला. पडद्यावर विनामूल्य दिसले की मैदान रिकामे होते, ही जुनी धास्ती किती पोकळ होती हे त्या संध्याकाळी दिसून आले. मेस्सी २०२३ च्या जुलैत अमेरिकेत गेला, तेव्हा तेथील लीग अ‍ॅपलच्या सेवेवरून जगभर उपलब्ध होती. त्याच्या चाहत्याला आपल्या देशातील एखादी वाहिनी ती विकत घेईल की नाही याची वाट पाहावी लागली नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर कोल्हापूरचे उदाहरण पुरेसे आहे. तेथील फुटबॉल तालमींच्या आणि पेठांच्या अभिमानावर पोसलेला आहे. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांच्यातील सामन्याला शाहू स्टेडियममध्ये उसळणारी गर्दी राज्यात अन्यत्र क्वचितच दिसते. या सामन्यांना मोठ्या वाहिन्यांनी कधी जवळ केले नाही. आता ते यूट्यूबवर दिसतात, आणि नोकरीनिमित्त पुण्याला किंवा आखातात गेलेला पेठेतला मुलगा आपल्या तालमीचा सामना तेथून पाहू शकतो. ज्याच्या घरी दूरचित्रवाणी संच नाही पण खिशात स्वस्त भ्रमणध्वनी आहे, अशा तरुणाला तर या प्रसारणाने प्रथमच स्वतःचा पडदा दिला.

महाजालावर समुदाय जमत नाही, हेही पूर्ण सत्य नव्हे. २०२२ च्या विश्वचषकात ब्राझीलमधील काझे टीव्ही या यूट्यूबवाहिनीवर ब्राझील-क्रोएशिया सामना एकाच वेळी साठ लाखांहून अधिक यंत्रांवर पाहिला गेला. यूट्यूबवरील तो उच्चांक पुढल्या वर्षी मोडला, तो चांद्रयान-३ चंद्रावर उतरताना, भारतीय प्रेक्षकांनी. विशेष म्हणजे त्या ब्राझिली वाहिनीवरचा निवेदक हा कोट-टाय घातलेला तज्ज्ञ नव्हता. प्रेक्षकांसारखाच चिडणारा, हसणारा एक चाहता होता. ब्रिटनमध्येही २०२५-२६ च्या हंगामापासून जर्मनीच्या बुंडेसलिगाचे शुक्रवारचे सामने चाहत्यांच्या लोकप्रिय यूट्यूबवाहिन्यांवर दिसू लागले. घरात एकट्या बसलेल्या माणसाला शेजार हवाच असतो. शेजारी हरवला तेव्हा त्याने पडद्यावर शेजारी शोधला.

परंतु या दोन उदाहरणांत जे समान आहे ते दृष्टीआड करून चालणार नाही. ब्राझीलचा सामना आणि चांद्रयानाचे अवतरण ही दोन्ही प्रसारणे विनामूल्य होती. जेथे दार उघडे होते तेथे लोक एकत्र आले. जेथे प्रत्येक दाराला वेगळे कुलूप आणि वेगळी किल्ली आहे, एक स्पर्धा एका अ‍ॅपवर व दुसरी दुसऱ्या अ‍ॅपवर आहे, तेथे प्रेक्षक संपूर्ण सामन्याऐवजी फुकट मिळणाऱ्या गोलांच्या तुकड्यांवर भागवू लागतो. नव्वद मिनिटांच्या खेळात गोल हे फळ असते. त्यापूर्वीची दीर्घ, कधी कंटाळवाणी मशागत पाहिल्यावाचून त्या फळाची गोडी कळत नाही. नव्या पिढीला एकाग्रता नाही, असा ठपका ठेवणे सोपे आहे. पण संपूर्ण सामना तिच्या आवाक्याबाहेर कोणी नेला, हा प्रश्नही त्याबरोबर विचारला पाहिजे.

कायद्याचे शब्द

येथे शासनाच्या कर्तव्याचा विषय येतो. काही क्रीडाप्रसंग हे सार्वजनिक ठेव्याप्रमाणे असतात आणि ते ऐपतीवर अवलंबून ठेवू नयेत, हे तत्त्व भारताने मान्य केले आहे. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे थेट प्रक्षेपण करणाऱ्याने ते जाहिराती वगळून प्रसार भारतीला देणे बंधनकारक आहे. हेतू स्तुत्य आहे. पण त्या कायद्याची भाषा केबल आणि थेट घरी येणाऱ्या उपग्रहसेवेची आहे. प्रसार भारतीने मिळालेले चित्र कोठे दाखवावे, तर आपल्या भूपृष्ठीय आणि उपग्रह जाळ्यावर. खाजगी केबलचालकांच्या जाळ्यावर ते चित्र जाऊ देता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली कायद्याच्या शब्दांवर बोट ठेवूनच दिला. उद्या एखाद्या कंपनीने एखादा महत्त्वाचा सामना वाहिनीवर न दाखवता केवळ महाजालावरून दाखवायचे ठरवले, तर या शब्दांत तिला बांधता येईल काय? अक्षरशः वाचले तर कायद्याला येथे भगदाड आहे.

ब्रिटननेही हीच अडचण ओळखली. विश्वचषक आणि एफ. ए. चषकाचा अंतिम सामना यांसारखे प्रसंग विनामूल्य वाहिन्यांना उपलब्ध असावेत, ही तेथील १९९६ च्या कायद्यातील व्यवस्था. तिच्या कक्षेत स्ट्रीमिंग सेवांना आणण्याची तरतूद २०२४ च्या माध्यम कायद्याने केली. भारतात २००७ चा कायदा झाला तेव्हा खिशातल्या यंत्रावर सामना पाहण्याची कल्पनाही सर्वसामान्यांना नव्हती. तो करणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु परिस्थिती पालटल्यावरही शब्द तेच राहू देणे, ही चूक आजच्यांच्या पदरी पडेल.

कायद्याने सगळे साधेल असेही नाही. लीगांनी हक्क विकताना केवळ बोलीचा आकडा न पाहता चित्र किती विलंबाने पोहोचते, एकाच वेळी किती प्रेक्षकांचा भार यंत्रणा पेलू शकते आणि सामान्य माणसाला दर परवडतो की नाही, याही अटी घातल्या पाहिजेत. फ्रान्समध्ये मोठ्या आकड्याच्या मोहाने काय झाले, हे सर्वांसमोर आहे. हंगामातील काही सामने तरी सर्वांसाठी खुले ठेवणे हे औदार्य नसून पुढील पिढीच्या प्रेक्षकाची लागवड आहे, हे महिलांच्या फुटबॉलने सिद्ध केले आहे.

मैदानावरील खेळाला एकच घड्याळ असते, पंचाच्या मनगटावरचे. त्याची शिट्टी सर्वांसाठी एकाच क्षणी वाजते, आणि खेळाची न्याय्यता त्यावरच उभी असते. मैदानाबाहेरच्या कोट्यवधींनाही १९८६ च्या त्या रात्री असेच एक सामायिक घड्याळ लाभले होते. तंत्रज्ञान मागे फिरणार नाही, आणि फिरावे अशी अपेक्षाही कोणी करू नये. पण ज्या नळाने आता सामना घरोघरी येणार आहे, त्याचे पाणी निदान सणासुदीला तरी सर्व आळ्यांना एकाच वेळी आणि परवडेल अशा दरात मिळावे, एवढी मागणी समाजाने करण्यात काही वावगे नाही. ती वेळीच झाली नाही, तर गोल होतच राहतील. केवळ शेजाऱ्याची आरोळी ऐकून तो आपल्याला कधी दिसेल याची वाट पाहणे एवढेच अनेकांच्या वाट्याला उरेल.